दूधभात

संतसज्जनहो, पोरांच्या खेळात एक शब्द आहे. कुठे त्याला लिंबूटिंबू म्हणतात, कुठे कच्चं लिंबू, तर कुठे दूधभात. मोठ्या मुलांचा शिवणापाणीचा डाव रंगात आलेला असतो आणि चार वर्षांचा धाकटा भाऊ मध्ये शिरून ‘मी पण, मी पण’ म्हणून हट्ट धरतो. हाकलून द्यावं तर तो घरी जाऊन रडणार. घ्यावं तर त्याला पळता येत नाही, पहिल्या फेरीतच सापडणार. मग पोरंच तोड काढतात, ‘हा दूधभात.’ म्हणजे त्याने सगळ्यांबरोबर पळायचं, ओरडायचं, लपायचं, पण तो शिवला गेला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. डाव त्याच्यासह चालतो आणि त्याच्यावाचून मोजला जातो.

वाळवा तालुक्यातल्या एका सप्ताहात कीर्तन आटोपल्यावर एका अंगणवाडीच्या ताईंनी मला विचारलं, “महाराज, एकाला नियम आणि दुसऱ्याला सूट, हा अन्याय नाही का? मुलांना लहानपणापासून नियम सर्वांना सारखा हे शिकवायचं, की दूधभात शिकवायचा?” मी वयोमानाने आता कीर्तनाला उभा राहत नाही, पण तो प्रश्न काही मला सोडत नाही. प्रश्न पोरांच्या खेळाचा दिसतो, पण तो न्याय आणि दया यांच्या नात्याचा आहे. म्हणून आज त्याचाच विचार करू.

आधी खेळ नीट पाहू. आमच्या कृष्णाकाठच्या गावांत लगोरी, विटीदांडू, सूरपारंब्या, डबा ऐसपैस, लंगडी, आट्यापाट्या, गोट्या, भोवरे असे खेळ होते. मुलींचे सागरगोटे, काचापाणी, ठिकरी, आणि श्रावणात झिम्मा-फुगडी. सागरगोट्याला बी परसातल्या कुंपणाची, ठिकरीला तुकडा फुटक्या कौलाचा, लगोरीला सात चपटे दगड ओढ्यातले. पैसा लागत नव्हता. लागत होता तो भिडू, आणि भिडू मिळवणं हे पैसे मिळवण्यापेक्षा अवघड काम आहे. त्याच्याशी बोलावं लागतं, तो रुसला तर समजूत काढावी लागते, त्याचंही कधी ऐकावं लागतं. नाहीतर तो घरी निघून जातो आणि डाव मोडतो.

या खेळांना पंच नव्हता. सगळी पोरं गोल उभी राहून हात पालथे-उताणे टाकत चकायची. सुटत सुटत जो शेवटी उरला त्याच्यावर राज्य. हा आपल्या भाषेतला शब्द फार विचार करण्यासारखा आहे. मोठ्या माणसांच्या जगात राज्य मिळावं म्हणून लोक धावतात. पोरांच्या जगात ज्याच्यावर राज्य येतं त्याला धावावं लागतं! बाकीचे मजेत लपतात, आणि राज्यवाल्याने उन्हात सगळ्यांना शोधत फिरायचं. सातारा ही छत्रपतींची राजधानी, पण राज्य म्हणजे उपभोग नसून भार आहे, हे त्या राजधानीतल्या पोरांना कुणी ग्रंथातून शिकवलं नाही. ते गल्लीतच कळलं. आणि तो भार चकून, सर्वांसमक्ष, सर्वांच्या संमतीने यायचा. पाटलाचं पोर म्हणून सुटका नाही.

आता पूर्वपक्ष मांडू. पूर्वपक्ष दुबळा मांडून खोडणं ही विद्वत्ता नव्हे. ताईंचं म्हणणं असं, की खेळाचा प्राण नियमात आहे. सात दगड रचल्यावाचून लगोरी होत नाही. नियम सर्वांना सारखा म्हणूनच गरिबाचं पोर श्रीमंताच्या पोराला बाद करू शकतं, आणि दुबळ्याचा खरा कैवारी नियमच आहे. एकदा सूट सुरू झाली की आज ती लहानग्याला मिळेल, उद्या बॅटच्या मालकाला. ‘बॅट माझी आहे, मी आउट नाही’ हे आपण सर्वांनी ऐकलेलं आहे. शिवाय सूट मिळालेल्या मुलाला हरायला येत नाही. ज्याला हरता येत नाही त्याला जिंकलेल्याचं कौतुकही करता येत नाही. हा पक्ष बळकट आहे.

याला उत्तर आपल्या शास्त्रात आहे. शास्त्र अधिकार पाहतं. गौतमाच्या धर्मसूत्रात मुंजीपूर्वीच्या बालकाला वागण्या-बोलण्या-खाण्याच्या नियमांतून मोकळं ठेवलेलं आहे. ज्याला नियम समजत नाही त्याने तो मोडला, असं म्हणता येत नाही. चार वर्षांच्या पोराला ‘तू बाद’ म्हटलं तर त्याला नियम कळत नाही, फक्त आपल्याला हाकललं एवढंच कळतं. तेव्हा त्याला सूट देणं हा नियमभंग नसून नियम कुठवर पोचतो याचं ज्ञान आहे.

पाश्चात्त्य पंडितांनीही यात लक्ष घातलेलं आहे. स्वित्झर्लंडमधले जाँ पियाजे यांनी मुलांच्या नीतिविचारावर ग्रंथ लिहिला, तो १९३२ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी हा मोठा पंडित पोरांबरोबर गोट्या घेऊन बसला आणि ‘हा नियम कुणी केला? तो बदलता येईल का?’ असं त्यांना विचारत राहिला. त्यांना दिसलं ते असं. अगदी लहान मुलं एकत्र बसूनही आपापलंच खेळतात. पुढे काही वर्षं त्यांना नियम म्हणजे थोरांनी दिलेली, बदलता न येणारी गोष्ट वाटते. आणि दहा-अकराच्या सुमारास त्यांना उमगतं, की नियम आपण सर्वांनी मिळून मानलेला आहे, आणि सर्वांची संमती असेल तर तो बदलताही येतो.

मला वाटतं, दूधभात ही या तिसऱ्या पायरीची खूण आहे. मोठ्या पोरांना कळलेलं असतं, की नियम आपला आहे. म्हणूनच ती तो लहानग्यासाठी सैल करू शकतात आणि स्वतःसाठी घट्ट ठेवू शकतात. लहानग्याला त्यातून संगत मिळते. मोठ्यांना त्याहून मोठी गोष्ट मिळते. आपल्यापेक्षा दुबळ्याला सांभाळूनही डाव रंगवता येतो, हे त्यांना कळतं. दूधभाताला शिवण्याचं खोटं नाटक करणारा दहा वर्षांचा मुलगा पाहावा. धाकट्याच्या मागे तो मुद्दाम हळू धावतो, हात पोचत असून पोचवत नाही. ही करुणा त्याला कुणी पाठ करून घेतलेली नाही.

आपल्या काल्याच्या कीर्तनात हेच आहे. गोपाळांच्या मेळ्यात पेंद्या असतो, पायाने अधू, बोलायला बोबडा. तो मागे पडतो म्हणून खेळ थांबत नाही, आणि खेळासाठी त्याला मागे टाकलंही जात नाही. शिदोऱ्या सोडल्या की कुणाची भाकरी कोरडी, कुणाचं दही घट्ट, हे पाहायचं नाही. सगळं एकत्र कालवायचं. पेंद्याला सांभाळून घेतलं म्हणूनच तो काला, नाहीतर ती नुसती न्याहारी.

पण त्याच देवाची दुसरी कथा भागवताच्या दशम स्कंधात, अठराव्या अध्यायात आहे. गोपाळांनी दोन पक्ष केले. हरेल त्याने जिंकणाऱ्याला पाठीवर घेऊन भांडीरक वडापर्यंत न्यायचं, असा ठराव झाला. कृष्णाचा पक्ष हरला. आता हा साक्षात परब्रह्म, नंदाचा लाडका, ‘मी नाही नेत’ म्हणाला असता तर कोण काय करणार होतं? पण श्रीदामा पाठीवर बसला आणि भगवंताने त्याला वाहून नेलं. देवाने स्वतःला दूधभात ठेवलं नाही, स्वतःवर नियम पुरा चालू दिला. इथे ताईंच्या शंकेचं अर्धं उत्तर मिळतं. सूट दुबळ्याकडे वाहावी, बळकटाकडे नव्हे. बॅटच्या मालकाने मागितलेली सूट आणि चार वर्षांच्या पोराला दिलेली सूट या एका नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इथे थांबलो असतो तर निरूपण गोड झालं असतं. पण उरलेलं अर्धं उत्तर कडू आहे, आणि ते मला एका पोरीने दाखवलं.

दिवाळीच्या आसपास आमच्याकडे साखर कारखान्यांचा हंगाम लागतो. कराडपासून वाळव्यापर्यंत कृष्णेच्या दोन्ही अंगांना ऊस उभा असतो, आणि तो तोडायला बीडकडची, नगरकडची कुटुंबं येतात. शिवारात पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटे फडात जातात. मागे राहिलेली मुलं धाकट्या भावंडांना सांभाळतात. त्यांतली काही संध्याकाळी देवळासमोरच्या पटांगणात येतात आणि गावच्या पोरांचा खेळ कडेला उभी राहून पाहतात.

दोन वर्षांमागे अशीच एक आठ-नऊ वर्षांची मुलगी, कडेवर भाऊ, रोज येऊन उभी राहायची. मी देवळाच्या कट्ट्यावर बसलेला असायचो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गावच्या पोरांतल्या एकीला काय वाटलं, ती म्हणाली, “ये खेळायला. तुम्ही दोघंबी दूधभात.” पोरांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांच्या हिशोबी हा मोठेपणाच होता. पण ती मुलगी जागची हलली नाही. म्हणाली, “ह्यो ल्हान हाय. म्या न्हाई.” आणि भावाला खाली सोडून स्वतः पुन्हा कडेला उभी राहिली.

पोरं घोटाळली. तिला दूधभात का केलं होतं? ती त्यांच्यातल्या निम्म्यांपेक्षा उंच होती, उसाच्या सरीतून अनवाणी धावणारी होती. ती लहान नव्हती, परकी होती. तिला खेळात तर घ्यायचं, पण मोजायचं नाही, असा तो बेत होता, आणि दयेच्या नावाखाली तो कुणाच्या ध्यानातही आला नव्हता. मी बोलायला तोंड उघडणार होतो. पण म्हातारा मध्ये पडला की पोरांचा निवाडा खुंटतो, म्हणून गप्प बसलो. थोड्या वेळाने एक पोरगा म्हणाला, “मग चक की!” ती आली, हात टाकला. चकता चकता राज्य तिच्यावरच आलं. आणि राज्य आलं म्हणून आनंदाने हसलेलं पोर मी त्या दिवशी पाहिलं. तिला सूट नको होती, राज्य हवं होतं. फाल्गुनात कोप्या उठल्या आणि ती गेली. गावच्या पोरांना पुढे कितीतरी दिवस तिचं नाव आठवत होतं, कारण तिच्या हातून एकही जण सुटत नसे.

सज्जनहो, ही गोष्ट ऐकून पोरांना हसू नये. आपण थोरांनी हेच शतकानुशतकं केलेलं आहे. चोखोबारायांना आपल्या संतमेळ्यात स्थान आहे. त्यांचे अभंग आपण टाळमृदंगावर गातो. मंगळवेढ्याला भिंत कोसळून ते गेले, तेव्हा नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणून महाद्वारासमोर समाधी केली. वाळवंटात नाचायला ते चालत होते, गायला चालत होते. उंबऱ्याच्या आत मात्र चालत नव्हते. त्यांच्यामागून येणाऱ्यांनाही त्या उंबऱ्यावर सहाशे वर्षं थांबावं लागलं. याला दुसरं काय म्हणावं? आपण त्यांना दूधभात ठेवलं होतं. डाव त्यांच्यासह रंगवला आणि त्यांच्यावाचून मोजला. १९४७ साली १ मे रोजी साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, १० मेला ते सुटलं आणि देवळाचं दार सर्वांना उघडलं. गुरुजींनी अस्पृश्यांसाठी दया मागितली नव्हती. तेही याच डावातले पक्के गडी आहेत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

म्हणजे दूधभाताच्या पोटात दोन गोष्टी राहतात. एक, ‘तू अजून लहान आहेस, थांब, मोठा झालास की तुझ्यावरही राज्य येईल.’ दुसरी, ‘तू आमच्यातला नाहीस, पण हाकलणं बरं दिसत नाही.’ शब्द एक, खेळही एक, आणि दोन्हींत अंतर मात्र आकाशपाताळाचं. ते अंतर ओळखायचं कसं? माझ्या अल्पमतीला एकच कसोटी दिसते. ज्याला सूट दिली त्याने ‘आता मला पक्कं घ्या’ म्हटल्यावर काय होतं ते पाहावं. धाकटा भाऊ एक दिवस ‘मी दूधभात नाही’ म्हणून पाय आपटतो आणि पोरं त्याला चकायला घेतात. तो पहिल्याच दिवशी तीनदा बाद होतो, रडतो, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. जिथे सूट अशी संपते तिथे ती दया होती. जिथे मागूनही ती संपत नाही, तिथे ती दयेचं सोंग घेतलेली अढी होती.

आमच्या मातीतल्या हुतुतूने हा प्रश्न आपल्या परीने सोडवलेला आहे. हा खेळ तीन तऱ्हांनी चालायचा. अमरमध्ये शिवला गेलेला गडी बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजला जाई. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. आणि संजीवनीत आपल्या सोबत्याने समोरचा गडी मारला की आपला बाद झालेला पुन्हा आत येतो. १९२१ साली साताऱ्यात संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घालून स्पर्धेसाठी नियम बांधले गेले, असं कबड्डीचा इतिहास सांगतो. हाच खेळ पुढे १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पोचला. मला यातली संजीवनी फार आवडते. तिच्यात हार खरी आहे, बाद म्हणजे बादच. पण ती शेवटची नाही, आणि परत येणं स्वतःच्या जोरावर नसून सोबत्याच्या श्वासावर आहे. लहान मुलाला संगत म्हणजे काय, हे याहून सोप्या रीतीने कोण शिकवणार?

आता आजचं पाहू. पोरांच्या हातात मोबाइल आला. त्यातल्या खेळांना वाईट म्हणण्यापूर्वी ते करतात काय ते पाहावं. तो खेळ प्रत्येक मुलाला कायमचा दूधभात करून ठेवतो. मेलास? पुन्हा सुरू कर. हरलास? कुणी पाहिलं नाही. भिडू रुसला? भिडूच नाही. राज्य कधी येतच नाही. आणि ‘मला पक्कं घ्या’ म्हणावं तरी कुणाला?

आईबापांचीही एक तऱ्हा झालेली आहे. मूल बाद झालं की आई गॅलरीतून ओरडते, वडील खाली उतरतात, आणि पोरांनी अर्ध्या घटकेत मिटवलं असतं ते भांडण दोन घरांचं होतं. शाळांतही खेळाचा तास असतो, पण राज्य कुणावर ते सर ठरवतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांचं शिक्षण खेळातून व्हावं असं सांगितलं, हे उत्तमच झालं. पण ताईंना माझी विनंती एवढीच, की खेळ शिकवून झाला की थोडं बाजूला व्हा. चकणं, रुसणं, समजूत काढणं आणि दूधभात ठरवणं हे पोरांकडे राहू द्या. खरं शिक्षण तिथे आहे. तुमचं काम डोळा ठेवण्याचं. कुणी मूल रोजच दूधभात राहत असेल, किंवा रोज कडेलाच उभं असेल, तर त्याची जात, त्याची भाषा, त्याचे कपडे, त्याचा अधू पाय यांतलं काय आड येतंय, ते तुम्हाला दिसलं पाहिजे.

आपल्या संतांनी खेळाला हलकं मानलेलं नाही. तुकोबारायांच्या गाथेत फुगडी, हमामा, हुतुतू, टिपरी यांवर अभंग आहेत. नाथांची भारुडं फुगडीसारख्या खेळांवर उभी आहेत. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आली, की लोणंदनंतर तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. त्या वाटेवर सत्तरीचा वारकरी आणि सात वर्षांचं पोर हात धरून फुगडी घालतात. फुगडीत कुणाला दूधभात ठेवता येत नाही, हे तुमच्या ध्यानात आलं आहे का? तिथे दोघांनीही आपला भार मागे टाकावा लागतो. एकाने जरी ‘तू लहान आहेस, मीच तोलतो’ म्हटलं, तरी दोघेही पडतात.

तेव्हा ताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. नियमही शिकवावा आणि दूधभातही. ज्याला अजून कळत नाही त्याला सूट द्यावी. ज्याच्या अंगी बळ आहे त्याने ती घेऊ नये. आणि ज्याने ‘मला मोजा’ म्हटलं, त्याला त्याच क्षणी मोजावं, मग त्याच्यावर राज्य येवो की न येवो.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. आपल्या गावोगावच्या सप्ताहांत मंडपाबाहेर पोरं खेळतात आणि स्वयंसेवक त्यांना हाकलत फिरतात. कीर्तनात आवाज येतो, हे मीही जाणतो. मी पन्नास वर्षं तो ऐकलेला आहे. यंदा त्यांना हाकलू नका. मंडपापासून थोडं लांब अर्धा गुंठा जागा पोरांसाठी राखा, एक दिवा लावा. आणि सप्ताह उसाच्या हंगामात असेल तर कोप्यांवर जाऊन सांगा, की महाप्रसादाला या, आणि मुलांना जरा लवकर पाठवा. पंगतीत तर आपण सर्वांना बसवतोच. पोरांना पंगतीआधी चकायला मिळू द्या.

रामकृष्णहरि.